हवेवर ठेवलेलं बाळ

शहरातल्या इस्पितळाचा तो मजला बोंग-छीला पाठ झाला होता. लिफ्टमधून उतरलं की डावीकडं वळायचं, मग हात धुवायचं टाकं, मग पिवळा झगा, आणि मग ते दार, जे आतून कुणी उघडल्याशिवाय उघडत नाही. दारासमोर चार जणांपुरता बाक. साडेअकराला आत सोडायचे, बाराला बाहेर काढायचे. त्या अर्ध्या तासासाठी ती उजाडताना दोन घमेली कालवं फोडायची, सुनेसाठी कोंबडी शिजत घालायची आणि दोन बस बदलून यायची. आल्यावर पहिलं काम म्हणजे बाकावर बसून चपला काढणं आणि पाय दाबणं. देवाचं नाव त्यानंतर.

एकाहत्तरीची बाई. सुरी धरून धरून उजवा अंगठा कायमचा वाकलेला, हातांना खारट वास. पहिल्या दिवशी नर्स म्हणाली, "आमा, हात पुन्हा धुवा." तिकडं आजीला आमा म्हणतात. बोंग-छीनं पुन्हा धुतले, नर्सनं नाक मुरडलं म्हणून तिसऱ्यांदाही धुतले. मग म्हणाली, "पोरी, हा वास कातडीच्या आतला आहे. तो आता माझ्याबरोबरच जाईल."

तिच्या नावाचा अर्थ 'असू दे, वाढवू कशीतरी'. पाचवी मुलगी झाल्यावर बापानं नाव शोधण्यातही वेळ घालवला नाही. शाळेत दोन वर्षं गेली, तिसऱ्या वर्षी धाकटा भाऊ पाठीला बांधला आणि शाळा सुटली. अक्षरं विसरली, आकडे मात्र राहिले, कारण घमेली मोजायला आकडे लागतात. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन कालवांच्या गावात आली आणि उरलेला जन्म एका बुटक्या स्टुलावर, शिंपल्यांच्या ढिगासमोर काढला. नवरा काविळीच्या दुखण्यानं लवकर गेला. मुलगा एकच, किम-शुई. तो मासळीचा ट्रक घेऊन उत्तरेला जातो. तीन दिवस तिकडं, एक दिवस इकडं. चाळिशीला टेकला तरी त्याला मुलगी मिळेना. कालवं फोडायला कोण हौसेनं येतं? शेवटी व्हिएतनामहून न्हुंग आली. तिला येऊन आठ वर्षं झाली. दोनदा दिवस राहिले, दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात गेलं. तिसऱ्यांदा राहिलं ते नऊ महिने टिकलं, वर दहा दिवस आणखी राहिलं, आणि बाहेर आलं ते निळं.

पोटातच शी केली होती पोरानं. पहिला श्वास घेतला तो त्या घाण पाण्याचाच. तालुक्याच्या इस्पितळात न्हुंगचं पोट कापून त्याला काढलं, घशात नळी घातली आणि रुग्णवाहिकेतून शहराला पाठवलं. न्हुंगनं त्याचा एक पाय पाहिला, तेवढंच. किम-शुई बाळामागं धावला आणि बोंग-छी सुनेजवळ थांबली. दुसऱ्या दिवशी ती शहरात आली तेव्हा काचेच्या खाली एवढंसं उघडं पोर, डोळ्यांवर पट्टी, कानांवर टोप्या, तोंडात नळी, आणि छाती अशी थरथरत होती की चालत्या होडीचं इंजिन आत बसवलंय असं वाटावं.

तिथले याओ डॉक्टर हळू बोलायचे. चेहऱ्यावरून माणूस आठवडाभर झोपला नसावा.

"आमा, याच्या फुप्फुसातल्या रक्ताच्या नळ्या आवळून बसल्यात. प्राणवायू कितीही दिला तरी रक्त तिथवर पोचतच नाही. बाहेरच्या बाहेर वळसा घालून निघून जातं."

बोंग-छीनं विचार केला. "म्हणजे समुद्राला भरती आहे, पण मासळीच्या तळ्याची झडप बंद."

"हो. तसंच."

"मग झडप उघडा की."

"त्यासाठीच एक वेगळी हवा देतोय. श्वासातून आत गेली की आवळलेल्या नळ्या सैल पडतात."

"हवेला काय तोटा, डॉक्टर? आमच्या गावात ढिगानं आहे. छपरं उडवते."

"ही ती नाही. दहा लाख घागरी साध्या हवेत हिच्या वीस घागरी. जास्त झाली तर विष, बेतात असली तर औषध."

"दारूसारखी."

"दारूपेक्षा गुणाची आहे," डॉक्टर म्हणाले, आणि बोंग-छीला वाटलं, चला, हसता तरी येतं याला.

त्या हवेचं नाव नायट्रिक ऑक्साइड. बोंग-छीच्या जिभेवर ते काही बसलं नाही. ती आपली 'ती हवा' म्हणायची. ज्या यंत्रातून ती यायची ते कपाटाएवढं, चाकांवरचं, खाली दोन नळकांडी आणि वर हिरवे आकडे. यंत्र बघायला फान बाई असायच्या. चाळिशीच्या, केस पोरासारखे कापलेले, गुडघ्याला पट्टा. दर तासाला येऊन आकडा बघायच्या, नळीतलं पाणी झटकायच्या, कागदावर लिहायच्या. त्यांनी यंत्राच्या माथ्यावर खाऊची एक हिरवी पुडी चिकटपट्टीनं नीट बसवली होती. मक्याच्या कुरकुरीत खाऊची, पोरं खातात ती. तिकडं ज्या यंत्रानं शहाण्यासारखं वागावं असं वाटतं, त्याच्यावर ही पुडी ठेवतात. आणि पुडी हिरवीच लागते, तारीख उलटलेली चालत नाही. फान बाई तारीख बघायला कधी विसरायच्या नाहीत.

चौथ्या दिवशी बोंग-छी आत गेली तर हिरवा आकडा विसावरून पंधरावर आलेला. पाचव्या दिवशी दहा. घमेल्यांचा आकडा उतरला तर घरात काय होतं हे तिला माहीत होतं. ती गुपचूप घरी गेली, सुनेला सांगितलं, "आहे तसाच आहे." सहाव्या दिवशी पाच. तेव्हा मात्र तिनं फान बाईंचा झगा धरला.

"खरं सांगा बाई. संपत आलं ना सगळं?"

"काय संपत आलं?"

"विसाचे पाच राहिले."

फान बाईंनी तिला बाजूला नेलं. "आमा, तो हवेचा आकडा आहे. तो उतरला पाहिजे. पोराचा आकडा त्या दुसऱ्या पडद्यावरचा, निळा. तो चढला पाहिजे. चौऱ्याण्णव आहे बघा."

बोंग-छीनं दोन्हीकडं बघून घेतलं. "एक उतरला तर बरं, एक चढला तर बरं. शेजारी शेजारी ठेवलंय आणि कुणी सांगत नाही. तीन दिवस माझ्या घशाखाली भात उतरला नाही."

"विचारायचं नाही का?"

"विचारलं आणि तुम्ही हो म्हणालात तर?"

फान बाईंनी नळीतलं पाणी झटकलं.

घरी न्हुंग महिन्यात बसली होती. पाचव्या दिवशी तिला टाके घेऊन घरी आणली तेव्हापासून बोंग-छीनं खिडक्यांच्या फटींत चिंध्या कोंबल्या होत्या. बाळंतिणीनं तीस दिवस वारा घ्यायचा नाही, डोकं धुवायचं नाही, गार पाण्याला बोट लावायचं नाही, उंबरा ओलांडायचा नाही. तिळाच्या तेलात आल्याचे काप तळायचे, त्यात कोंबडी, त्यात तांदळाची दारू, आणि हे सकाळ-संध्याकाळ. नर्सनं दारू नको म्हणून सांगितलं, दुधात उतरते. मग बोंग-छी भांडं उघडं ठेवून इतका वेळ उकळायची की दारू तर सोडाच, कोंबडीही ओळखू येऊ नये. न्हुंग मुकाट खायची. दर तीन तासांनी यंत्रानं दूध काढायची, पिशव्यांत भरायची, पिशवीवर तारीख लिहायची. पोर दूध पीत नव्हतं. शीतकपाटातली मासळी बाहेर काढावी लागली इतक्या पिशव्या झाल्या.

"आमच्याकडं बाळंतिणीच्या खाटेखाली निखारे ठेवतात," न्हुंग एकदा म्हणाली.

"मग आमच्याकडं बरं म्हणायचं. इथं नुसतीच कोंबडी शिजते."

न्हुंग हसली नाही. "आज कसा होता?"

"गुलाबी. तुझ्यावर गेलाय." यातलं काहीच खरं नव्हतं. नळीच्या पट्ट्यांखाली पोर कुणावर गेलंय हे देवालाही सांगता आलं नसतं.

बाहेर आ-क्वेई होतीच. शेजारीण, चाळीस वर्षं शेजारच्या स्टुलावर बसून कालवं फोडणारी, आणि जिभेला सुरीपेक्षा धार. बाळाचा महिना भरला की गावात तेलातला भात आणि लाल अंडी वाटतात. आ-क्वेईनं विचारलं, "काय गं, भाताचं सांगून ठेवलंस का दुकानदाराला? आम्ही वाडगे घासून बसलोय."

"घासत राहा. तेवढाच हाताला व्यायाम."

"तसं नाही गं. सांगून ठेव. सांगितलं की देवालाही लाज वाटते."

बोंग-छीनं सांगून ठेवलं नव्हतं. दुकानासमोरून जाताना ती दुसऱ्या बाजूनं जायची. सांगावं आणि काही विपरीत झालं तर गावभर निरोप पाठवावा लागेल. न सांगावं तर आपणच पोराचं नाव खोडल्यासारखं. ती रोज ठरवायची, उद्या बघू.

आठव्या दिवशी ती हवा बंद करून बघणार होते. फान बाईंनी आधी सांगितलं होतं, ती एकदम तोडायची नसते. पाच, चार, तीन, दोन, एक, आणि मग काहीच नाही. झडपेला हवेची सवय लागते, पटकन काढली की दाणकन मिटते. पावणेबाराला शून्य केलं. बोंग-छी काचेपासून दोन हात लांब उभी होती. निळा आकडा चौऱ्याण्णव. चौऱ्याण्णव. ब्याण्णव. मग कुणी पायरी काढून घ्यावी तसा तो पडायला लागला. अठ्ठ्याऐंशी, ऐंशी, एकाहत्तर. यंत्र ओरडलं. पोर ओल्या राखेसारखं झालं. फान बाईंचा हात बटणावर गेला, डॉक्टर धावत आले, कुणीतरी म्हणालं, "आमा, बाहेर." तिच्या पाठीमागं दार मिटताना हिरवा आकडा पुन्हा पाचावर आलेला तिला दिसला.

अर्ध्या तासानं फान बाई बाहेर आल्या आणि बाकावर तिच्या शेजारी बसल्या. गुडघ्याचा पट्टा सैल केला.

"सावरला. आकडा नव्वदवर आहे. होतं असं. दोन दिवसांनी परत बघू."

"माझ्यामुळं होतंय," बोंग-छी म्हणाली.

"काय?"

ती भिंतीकडं बघत सांगत राहिली. ती आठव्या महिन्यात होती, न्हुंग. वादळ आलं, छपर गळायला लागलं, पाणी नेमकं तिच्या पलंगावर. किम-शुई ट्रकवर. मग बोंग-छीनं एकटीनं पलंग ओढून भिंतीला नेला आणि मच्छरदाणीसाठी भिंतीत खिळा ठोकला. गरोदर बाईच्या खोलीत काही हलवायचं नसतं, ठोकायचं तर मुळीच नसतं, हे तिकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. गर्भाचा देव घरात फिरत असतो. आज दाराशी, उद्या चुलीशी, परवा पलंगाखाली. पंचांगात रोजचं लिहिलेलं असतं. तिनं पंचांग दुसऱ्या दिवशी शेजारी नेऊन वाचून घेतलं. त्या दिवशी तो पलंगाशी होता.

"छातीत ठोकल्यासारखं झालं ना त्याला. म्हणून श्वास लागत नाही. खिळा काढला मी, भोक मेणानं बुजवलं. पण ठोकलेलं ते ठोकलेलं."

"आमा, खिळ्यानं रक्ताच्या नळ्या आवळत नाहीत."

"मग तुम्ही यंत्रावर पुडी कशाला ठेवता?"

फान बाई गडबडल्या. "ते... ते यंत्रासाठी आहे. बाळासाठी नाही."

"माझा देवही पलंगाखालीच होता. बाळात कुठं होता?"

फान बाईंनी गुडघ्याचा पट्टा पुन्हा आवळला. मग म्हणाल्या, "त्यानं पोटात शी केली कारण त्याचे दिवस उलटून गेले होते. उशिरा येणारी पुष्कळ पोरं करतात. त्यातल्या बहुतेकांना काही होत नाही, एखाद्याला होतं. का, ते आम्हाला ठाऊक नाही. ठाऊक असतं तर मी घरी जाऊन झोपले असते."

बोंग-छीला हे उत्तर खिळ्यापेक्षा वाईट वाटलं. खिळा निदान तिचा होता.

दहाव्या दिवशी ती पोचायच्या आतच दुसऱ्यांदा बघून झालं होतं. पुन्हा तेच. वीस मिनिटं टिकला आणि कोसळला. डॉक्टर स्वतः बाकापाशी आले, आणि तिला उठू नका म्हणाले.

"आम्ही आजपासून एक दुसरं औषध पोटातून सुरू केलंय. त्यानं नळ्या सैल राहायला मदत होते. परवा पुन्हा हवा काढून बघू. नाहीच जमलं तर पुढचं बोलावं लागेल. एक मोठं यंत्र असतं, अंगातलं रक्त बाहेर काढून परत आत सोडतं. तेही इतक्या लहान जिवाला सोसेलच असं नाही." ते जरा थांबले. "आई कुठं आहे याची?"

"महिन्यात आहे."

"मला माहीत आहे, आमा. पण परवा तिनं यावं. एकदा बघावं."

नवऱ्याच्या वेळी बोंग-छीनं हे वाक्य ऐकलं होतं, दुसऱ्या इस्पितळात, दुसऱ्या डॉक्टरकडून. डॉक्टर बदलतात, वाक्य तेच असतं.

त्या दिवशी ती घरी आली ती सरळ सुनेच्या पलंगाच्या कडेवर बसली. चप्पलही काढली नाही. न्हुंग दुधाच्या पिशवीवर तारीख घालत होती.

"मी तुला खोटं सांगत होते," बोंग-छी म्हणाली. "गुलाबी नाहीये तो. दोनदा हवा काढली, दोन्हीदा गेला होता जवळजवळ."

न्हुंगनं लेखणी खाली ठेवली. "मला माहीत आहे."

"कुणी सांगितलं?"

"तुम्ही खोटं बोलता तेव्हा जेवायला जास्त वाढता, आई. गेले चार दिवस मला अख्खी कोंबडी मिळतेय."

मग बोंग-छीनं खिळ्याचंही सांगून टाकलं. पलंग, पाणी, पंचांग, मेण, सगळं. सांगताना तिला वाटत होतं, आता ही पोरगी उठून भिंतीकडं तोंड करेल आणि करावंच तिनं. न्हुंग ऐकत राहिली. मग हळूच म्हणाली, "तो खिळा नव्हता. मी दोरी ओलांडली होती."

"कसली दोरी?"

"आमच्या गावी पोटुशीनं रेड्याची दोरी ओलांडायची नसते. ओलांडली तर म्हशीसारखी जास्त दिवस पोटात ठेवते. इथं रेडा नाही म्हणून माझ्या ध्यानातच राहिलं नाही. सातव्या महिन्यात तुमचा डबा घेऊन धक्क्यावर आले होते ना, तिथं तराफ्यांच्या दोऱ्या पसरलेल्या. चार ओलांडल्या. येताना परत चार." तिनं बोटांवर मोजून दाखवलं. "म्हणून दहा दिवस उशीर झाला. म्हणून त्यानं शी केली. डॉक्टरच म्हणाले ना, उशिरामुळं."

बोंग-छी तिच्याकडं बघतच राहिली. पाच दिवस एका छपराखाली, मध्ये एक पातळ भिंत, आणि दोघी आपापलं पाप उशाला घेऊन निजत होत्या.

"तराफ्याची दोरी आणि रेड्याची दोरी एकच का?"

"दोरी ती दोरी."

"आणि दहा दिवस उशीर व्हायला आठ दोऱ्या? हिशेब कुठं जुळतोय?"

न्हुंगच्या तोंडून एक आवाज निघाला. हसण्याचा होता की हुंदक्याचा, तिलाही कळला नसावा. तिच्या न धुतलेल्या केसांना आल्याचा आणि तिळाच्या तेलाचा वास येत होता. बोंग-छीनं ते केस तिच्या कपाळावरून मागं सारले. तिनं असं याआधी कधी केलं नव्हतं. आठ वर्षांत वेळच मिळाला नव्हता.

"परवा चल."

"बारावा दिवस असेल, आई. वारा लागेल."

"लागू दे. म्हातारपणी सांधे दुखले की माझ्या नावानं बोटं मोड. मी ऐकायला नसेनच."

निघायच्या दिवशी किम-शुई ट्रक घेऊन उत्तरेला होता; आ-क्वेईचा नवरा कालवांची खोकी घेऊन शहराच्या बाजाराला निघाला होता, त्याच्या टेम्पोत दोघींना जागा झाली. बोंग-छीनं सुनेला दोन स्वेटर, किम-शुईचा जाड कोट, लोकरीची टोपी, वरून मफलर, पायात मोज्यांचे दोन जोड असं गुंडाळलं. आ-क्वेई दारात उभी राहून बघत होती. "बाळंतीण नेतेस की गादी?" ती म्हणाली. मग आत गेली आणि आपली स्वतःची गरम पाण्याची पिशवी भरून आणून न्हुंगच्या मांडीवर ठेवली. भाताचं त्या दिवशी तिनं काही विचारलं नाही.

मजल्यावर पोचल्या तेव्हा साडेअकराला पाच मिनिटं होती. आत काहीतरी गडबड चालली होती. नर्सा पळत होत्या, फोन वाजत होता, कुणाला बोलायला सवड नव्हती. दोघींना एकदम आत जायची मुभा होती. पण टाक्यावर हात धुताना बोंग-छी थांबली. आज पुन्हा शून्य करणार. ते तिला आता पुन्हा बघायचं नव्हतं.

"तू जा. बोलायचं नाही त्याच्याशी, कुरवाळायचं नाही. दचकला की आकडा पडतो. नर्स सांगेल तर हात नुसता ठेव. दगडासारखा ठेव, हलवू नकोस."

"तुम्ही?"

"मी इथं आहे."

दार मिटलं. बोंग-छी बाकावर बसली, चपला काढल्या, पण पाय दाबायचं राहून गेलं. समोरच्या घड्याळाचा काटा ती बघत होती. अकरा चाळीस. अकरा पंचेचाळीस. आतून यंत्राचा ओरडा ऐकू येतो का म्हणून तिनं कान लावला. दार जाड होतं. काहीच येत नव्हतं.

अकरा पन्नासला दार उघडलं आणि ते यंत्र बाहेर आलं.

तेच, कपाटाएवढं. आकडे विझलेले, नळ्या गुंडाळून वर टाकलेल्या, नळकांडी खडखडत होती. फान बाई मागून ढकलत होत्या, एक नर्स पुढून ओढत होती. पोर बरोबर नव्हतं. बोंग-छी उठली. उठली म्हणजे बाकाला धरून निम्मी झाली. मघाशी आत गेलेली न्हुंग अजून आतच होती, आणि यंत्र बाहेर.

"आमा, पाय आत घ्या," फान बाई घाईत म्हणाल्या आणि पुढं गेल्या. लिफ्टचं दार उघडलं. यंत्र आत ढकलताना त्यांनी मान वळवली, आणि त्या म्हातारीचा चेहरा त्यांना दिसला असावा, कारण त्यांनी लिफ्टचं दार पायानं अडवलं.

"आमा. ऐका. पहाटे पाचपासून शून्यावर आहे तो. सात तास होत आले. पडला नाही. डॉक्टर म्हणाले, आता त्याला ही हवा नको."

"मग हे कुठं नेताय?"

"खालच्या मजल्यावर. तीन वर्षांची मुलगी आलीय, न्यूमोनियाची. आमच्याकडं दोनच यंत्रं, दुसरं आधीच लावलेलं." लिफ्ट चिडून वाजायला लागली. "तुमच्या सुनेला आत सांगितलंय. बसा तुम्ही."

लिफ्ट गेली.

बोंग-छी बसली. आनंद व्हायला हवा होता, तो कुठंतरी मागं राहिला होता, दुसऱ्या बसनं येणार असल्यासारखा. तिला नुसतं जड वाटलं, भिजलेल्या पोत्यासारखं. खालच्या मजल्यावर कुणीतरी असंच बाकावर बसलं असेल, आणि त्याला कुणी आकड्यांचं सांगितलं नसेल, असं तिच्या मनात आलं. फान बाईंना म्हणायला हवं होतं, सांगा त्यांना, हिरवा उतरला तर घाबरू नका. पण लिफ्ट गेली होती आणि जिन्यानं जायचं तिच्या पायांत नव्हतं.

बाराला न्हुंग बाहेर आली. टोपी एका कानावर सरकलेली. ती येऊन शेजारी बसली आणि उजवा हात मांडीवर उपडा ठेवून त्याच्याकडंच बघत राहिली.

"मी ठेवला तेव्हा आकडा दोननं पडला," ती म्हणाली. "मग परत चढला. मी हलवला नाही."

"नळी?"

"आहे. प्राणवायू पण आहे. आठवडा-दोन आठवडे लागतील म्हणाले. पुन्हा बिघडू शकतं, असंही म्हणाले."

"तसं ते म्हणणारच."

"त्याचे केस खूप आहेत, आई. तुम्ही सांगितलं नाहीत."

"पट्ट्या होत्या. आणि मी आकडेच बघत होते सगळा वेळ."

न्हुंगनं मान हलवली. मग म्हणाली, "मला भूक लागलीय."

बारा दिवसांत ती हे पहिल्यांदा म्हणत होती. बोंग-छीनं पिशवीतून डबा काढला. कोंबडी गार झाली होती, आणि गार खायचं नसतं, पण त्या मजल्यावर चूल कुठून आणायची? न्हुंगनं सगळी खाल्ली, हाडंसुद्धा चोखली. एक नर्स जाता जाता थबकली, इथं खायला बंदी आहे म्हणायला तिनं तोंड उघडलं असावं, पण मग ती तशीच पुढं गेली.

परतीला टेम्पो नव्हता, बसच होती. पहिली बस उभ्यानं गेली. दुसऱ्या बसमध्ये मागं जागा मिळाली. न्हुंगला खिडकीकडं न बसवता बोंग-छी स्वतः खिडकीशी बसली. रस्त्याकडेची मासळीची तळी सुरू झाली तशी तिला एवढंच आठवतं की ती म्हणत होती, दुकानदाराकडं जायला हवं, साठ वाडगे पुरतील का, की सत्तर. त्यापुढचं आठवत नाही.

"आमा. अहो आमा."

ड्रायव्हर समोर उभा होता. बस रिकामी, इंजिन बंद. बाहेर समुद्राचा बांध, शिंपल्यांचे ढीग, आणि गाव कुठंच नाही.

"शेवटचा थांबा. तुम्ही कुठं उतरणार होतात?"

तिनं गावाचं नाव सांगितलं.

"ते चार थांबे मागं राहिलं. मी थांब्याथांब्याला हाका मारल्या, दोघीही हलेनात. म्हटलं झोपू दे." तो घड्याळ बघत म्हणाला, "पंधरा मिनिटांत परत त्याच रस्त्यानं जायचंय. बसून राहा."

न्हुंग तिच्या खांद्यावर डोकं टाकून झोपली होती, तोंड उघडं, टोपी पार मागं गेलेली. बोंग-छीचा तो खांदा केव्हाच बधिर झाला होता. तिनं तो हलवला नाही.

"बाबा," ती ड्रायव्हरला हळूच म्हणाली, "पुढचं दार तेवढं लावून घे. बाळंतीण आहे."